मिस्त्रींचा कान

कराडच्या जालिंदर मिस्त्रींचा कान सरकारनं एकदा आणि गावानं शंभरदा वाखाणलेला होता. हार्मोनियमच्या सुरांच्या पट्ट्या यंत्रानं घासायला लागून आता दहा वर्षं उलटली होती. कारखान्यात लेझरचा झोत पितळी पट्ट्यांवरून फिरे आणि केसभरही फरक राहत नसे. तरीही चांगले चांगले गवई नवी कोरी पेटी घेऊन कराडला येत आणि म्हणत, "मिस्त्री, सूर सगळे बरोबर आहेत हो, पण ही माझ्याशी बोलत नाही." मिस्त्री पेटी ठेवून घेत आणि चार दिवसांनी या म्हणत. चार दिवसांनी पेटी बोलायला लागलेली असे.

यात गोम एवढीच होती की त्या चार दिवसांत मिस्त्री पेटीला बोटही लावत नसत. पेटी लावायचा तो त्यांचा धाकटा भाऊ, गजा.

गजा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. थोराड अंगाचा, बारा महिने एकच चॉकलेटी स्वेटर घालणारा, नाश्त्याला पोहेच खाणारा आणि तेही शेंगदाणे वेचून बाजूला ठेवून. लहानपणी डॉक्टरांनी त्याला स्वमग्न म्हटलं होतं. गावानं जे म्हटलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिवसाला वीस-पंचवीस शब्द तो बोले, त्यातले निम्मे 'दादा' असत. पण कानस हातात घेतली की तासन्‌तास एका पट्टीवर खिळून राही. पट्टीच्या टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, एवढं कुठल्याही कारागिराला ठाऊक असतं. किती घासायचं आणि कुठं थांबायचं, ते गजाला ठाऊक होतं.

लबाडी ठरवून केलेली नव्हती. वडील गेले तेव्हा जालिंदर अठ्ठावीस वर्षांचा होता आणि गिऱ्हाईक तुटायला लागलं होतं. गजानं लावलेली एक पेटी साताऱ्याच्या एका गवयानं वाजवून पाहिली आणि डोळे विस्फारून विचारलं, "कुणी लावली ही?" गजा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेला. त्याला पुढं आणावं तर गवई हसला असता, नाहीतर कीव करून गेला असता. जालिंदर म्हणाला, "मी." तो एक शब्द मग अठ्ठावीस वर्षं पुरला. त्यावर शाली आल्या, ताम्रपट आले, सरकारी पुरस्कारही आला.

दुकान दोन खोल्यांचं होतं. पुढं गिऱ्हाइकांची बैठक, मागं गजाची खोली, मध्ये एक दार. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री दार लोटून घेत. गजा लगेच उठून ते वीतभर उघडी. मिस्त्री पुन्हा लोटत, गजा पुन्हा उघडी. एका वर्षी वैतागून त्यांनी दाराला बाहेरून कडी बसवली. माणसाला थोडं वळण लागायला नको का? गजानं आतून दारावर डोकं आपटून घेतलं, आरडाओरडा केला, मग महिनाभरानं गप्प झाला. त्या वर्षी निम्म्या पेट्या परत आल्या. हवा दमट आहे, लाकूड फुगलंय, असं मिस्त्री सगळ्यांना सांगत राहिले. शेवटी घरात शांतता हवी म्हणून बायकोनं, वैशालीनं, ती कडी स्वतःच्या हातानं उपटून टाकली.

असं सगळं चाललेलं असताना मिस्त्रींचा गाजलेला कान तपासायला पुण्याहून डॉ. तृप्ती बनसोडे आल्या.

मेंदूवर संशोधन करणारी ही बाई चाळिशीच्या आतली, बोलायला मोकळी. बरोबर एक सुटकेस, तिच्यात लहान बाळाच्या टोपड्यासारखी दिसणारी एक करडी टोपी. तिला इंग्रजी-लॅटिन मिळून लांबलचक नाव होतं, पण वैशालीनं पाहताक्षणी तिला टोपडं म्हटलं आणि डॉक्टरीणबाईंनाही ते आवडलं.

"आपला मेंदू पीठ चाळतो तसा जग चाळत असतो, काका," त्या चहा पिता पिता सांगू लागल्या. "कानावर पडतं त्यातलं फार थोडं आपल्यापर्यंत पोचतं. पंख्याचा आवाज तुम्हाला आत्ता ऐकू येत होता का? नाही ना? मेंदूनं तो कोंडा म्हणून फेकून दिला. हे चाळणारा एक भाग डाव्या कानशिलाच्या आत असतो. काही स्वमग्न माणसांची चाळण वेगळी असते, जग त्यांच्या आत न चाळता शिरतं. त्याचा त्रास बहुतेकांना होतो. त्यातल्या थोड्यांना त्यातूनच एखादी अचाट शक्ती मिळते. कुणी एकदा पाहिलेलं शहर जसंच्या तसं कागदावर काढतं, कुणाला कुठल्याही सुराचं नाव झोपेतसुद्धा सांगता येतं. सगळ्यांना नाही हं. तशी अपेक्षा करणं म्हणजे त्यांच्यावर अन्यायच."

"आन्‌ मी यात कुठं बसतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्ही तिसऱ्या गटात. प्रतिभावंत. माझं म्हणणं असं आहे की प्रतिभावंताचीही चाळण उघडीच असते, फक्त त्याला ती हवी तेव्हा मिटता येते. हे टोपडं चुंबकाच्या हलक्या ठोक्यांनी तो चाळणारा भाग चाळीस मिनिटं झोपवतं. साध्या माणसाला घातलं की त्याला एकदम सगळं ऐकू यायला लागतं. ज्याची चाळण आधीच उघडी, त्याला काहीच फरक पडत नाही. तुम्हाला पडणार नाही, याची मला खात्री आहे."

टोपड्यानं फरक पडला तर अठ्ठावीस वर्षांची अब्रू एका कागदावर उघडी पडणार होती. पुढच्याच महिन्यात जिल्ह्याचं संगीत मंडळ त्यांचा जीवनगौरव करणार होतं, पत्रिकाही छापून झाल्या होत्या. नाही म्हणावं, तर एवढा मोठा कान तपासायला का घाबरतो, असं होणार. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना ते टोपडं हवंही होतं. गजा काय ऐकतो, ते आयुष्यात एकदा तरी ऐकावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"घाला," ते म्हणाले.

पहिली दहा मिनिटं टोपड्याच्या टकटकीशिवाय काही नव्हतं. मग पंखा उलगडला. पंख्याचा एक आवाज नव्हताच, तीन होते. मोटरची घुमघुम, पात्यांची सळसळ आणि वर एका ढिल्या स्क्रूची बारीक किरकिर. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या. आधी नुसता आवाज आला, त्यातली कोरड, त्यातली उत्सुकता, आणि अर्थ मागाहून चालत आला. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दिला आणि मिस्त्रींना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबले. असेच कान दाबून गजा एका लग्नाच्या वरातीत खाली बसला होता, आणि चारचौघांत शोभा नको म्हणून त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. तो धपाटा आता त्यांना आठवला.

नेमके त्याच वेळी उंब्रजच्या भजनी मंडळाचे पांडाबुवा आपली पेटी न्यायला आले.

"काय मिस्त्री, बाळसं धरलंय का काय, टोपडं घातलंय ते!" बुवा हसले आणि बसले. पेटी पुढं ओढून त्यांनी भाता मारला आणि नेहमीच्या खरबरीत गळ्यानं एक अभंग धरला.

मिस्त्री ऐकत राहिले. बुवांचा आवाज पंचमावर गेला की जरासा बसतो, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. आणि पेटीतला पंचमही नेमका तेवढाच बसवलेला होता. लेझरच्या हिशेबानं ती चूक होती. पण बुवांचा गळा तिथं आला की पेटी त्याला अलगद खालून उचलून घेत होती.

"बुवा, जरा ह्या पेटीवर गाता का?" मिस्त्रींनी शेजारची दुसरी पेटी सरकवली. ती मलकापूरच्या एका शाळामास्तरीणबाईंची होती, त्याच पट्टीची, त्याच हातानं लावलेली. बुवा गायला लागले आणि दोन आवाज एकमेकांवर घासायला लागले. बुवांना एवढंच वाटलं, "छ्या, हिच्यात मजा न्हाई." पण मिस्त्रींना त्या मास्तरीणबाई आठवल्या. चार दिवसांपूर्वी बैठकीत बसून वीस मिनिटं शाळेतल्या पोरांचं सांगत होत्या, नाजूक, वरच्या अंगाचा आवाज. ही पेटी त्या आवाजाच्या मापाची होती. अंगावर कापड बेतावं तशी बेतलेली होती.

आणि बुवा? बुवा गजापुढं कधीच गायले नव्हते. ते फक्त पुढच्या बैठकीत बसून घासाघीस करायचे आणि ऊस, भाऊबंदकी, मूळव्याध असल्या गप्पा हाणायचे.

मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं. दार वीतभर उघडं होतं.

अठ्ठावीस वर्षं गजा हट्ट करत नव्हता. त्याला माणूस ऐकायचा असायचा. ज्याची पेटी त्याचा गळा, त्याचा श्वास, तो कुठं अडतो, कुठं दमतो, हे ऐकल्याशिवाय त्याला पेटी लावताच येत नव्हती. आणि मिस्त्री त्याच्या तोंडावर दार लोटत होते. कडीच्या वर्षी परत आलेल्या पेट्यांतले सूर बरोबरच असणार. फक्त त्या कुणाच्याच नव्हत्या. मिस्त्रींना स्वतःची इतकी लाज वाटली की बुवांना निरोप द्यायचंही भान राहिलं नाही.

टोपड्यासकट ते आतल्या खोलीत गेले. गजाची पाठ दाराकडं होती. कानशीची खर्र खर्र चालली होती आणि प्रत्येक ओढीला सूर किती हलतोय ते आता मिस्त्रींनाही ऐकू येत होतं. त्यांना काहीतरी मोठं, मनापासून बोलायचं होतं. तोंडून एवढंच आलं, "गजा."

गजा वळला नाही. "दादाचं डोकं दुखतंय," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो, त्याला ते ऐकूच आलं होतं. आणि डोकं खरोखरच ठणकत होतं. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. गजानं कानस खाली ठेवली, रडणं संपेपर्यंत थांबला आणि मग पुन्हा उचलली.

टोपडं काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "काका, तुमच्यात तर प्रचंड फरक पडला," त्या गोंधळून म्हणाल्या. "आणि टोपड्याआधीचा कान चांगला आहे, पण साधारण. तीस वर्षं काम केलेल्या कुठल्याही कारागिराचा असतो तसा. मग या पेट्या…"

"उद्या सांगतो," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी वैशाली भाकऱ्या थापत होती. मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं. तिला पेट्यांचं आधीपासून ठाऊक होतंच, दाराचं मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

"आवो, पत्रिका गेल्यात सगळीकडं," ती म्हणाली. "पोरीच्या सासरची माणसं येणार हायती. आन्‌ गजाभावजींना तरी काय करायचंय नाव घेऊन? त्यांना पोहे येळेवर मिळालं म्हंजे झालं."

"त्याला नको आसंल. पर मी घेतलंय न्हवं त्याचं?"

"मग द्या की परत," वैशाली म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलथली. "मला इचारून घेतलं हुतं व्हय तवा?"

सकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी गजाच्या खोलीबाहेर पायरीवर बसून तासभर त्याचं काम पाहिलं. मग टोपड्यासारखीच पण नुसती मोजणारी एक टोपी त्याच्यापुढं ठेवली. गजानं ती उलटी केली, नखानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि परत सुटकेसमध्ये नेऊन ठेवली. झाकणही लावलं.

"नाही म्हणतोय तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग नाहीच." त्या मिस्त्रींकडं वळल्या. "काका, आम्ही लिहितो की या माणसांना माणसांत रस कमी असतो. मी स्वतः लिहिलंय. हा इथं बसून इतकी वर्षं माणसंच ऐकत होता. न चाळलेलं ऐकू येणं वेगळं आणि ते कुणासाठी तरी वापरणं वेगळं. ते दुसरं माझ्या टोपड्यात नाही. माझे तीन गट मला आता पुन्हा मांडायला लागतील."

जीवनगौरवाचा दिवस आला. नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मिस्त्री माइकपुढं उभे राहिले.

"मंडळी, हा मान माझा न्हाई," ते म्हणाले. "माझ्या दुकानातली एकबी पेटी मी लावलेली न्हाई. समद्या माझ्या भावानं, गजानन सुतारानं लावल्या. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. पांडाबुवा डोळे पुसत व्यासपीठावर चढले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "बघा, मंडळी! ज्या भावाला स्वतःचं नाव धड सांगता येत न्हाई, त्येच्या नावावर आपली सारी पुण्याई करणारा हा माणूस! असा भाऊ आता मिळायचा न्हाई!"

लोक उभे राहिले. मिस्त्री माइककडं हात करून "न्हाई, न्हाई, खरंच" म्हणत राहिले, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला. पोरीच्या सासऱ्यांनी फोन करून सांगितलं की आपल्याला असे व्याही मिळाले हे भाग्य. मिस्त्री जितकं खरं बोलत, तितकं त्यांचं मन मोठं ठरत होतं. आयुष्यात इतका मान त्यांना खोटं बोलूनही मिळाला नव्हता.

आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन लावला.

"मॅडम, माझा तो रिपोर्ट हाय का तुमच्याकडं? कान साधारण हाय म्हणून लिहिलेला?"

"आहे की. पण तो गुप्त असतो, काका. तुमचं नाव आम्ही कुठंही छापत नाही. काळजी करू नका."

"छापा," मिस्त्री म्हणाले. "नावासकट छापा. आन्‌ एक सहीशिक्क्याची प्रत मला पाठवा. माझ्या शब्दावर कुणी इश्वास ठेवंना झालंय."

"लेखी संमती लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा छापलं की मागं घेता येणार नाही."

"तेच पायजे मला."

संमतीचा कागद आला. मिस्त्रींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि सही केली. पंधरा दिवसांनी ड्रोननं एक पाकीट अंगणात सोडलं. मिस्त्री स्वतः जाऊन रिपोर्टला काचेची चौकट करून घेऊन आले. वैशालीनं शाली आणि ताम्रपट पेटाऱ्यात भरले. बैठकीतल्या भिंतीवर आता एवढी एकच चौकट आहे, गिऱ्हाइकाच्या बरोबर नजरेसमोर.

परवा सांगलीकडची एक तरुण गायिका आली. गळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज अर्धा उरलेला. बसल्या बसल्या तिनं भिंतीवरचं वाचलं: 'जालिंदर निवृत्ती सुतार, वय छप्पन्न. श्रवणक्षमता साधारण. कोणतीही असामान्य शक्ती आढळली नाही.' तिनं पुन्हा एकदा वाचलं आणि भांबावून मिस्त्रींकडं पाहिलं.

"अहो, पण मग पेटी कोण लावतं?" तिनं घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारलं.

मिस्त्रींनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"तुमी बोलत ऱ्हावा, ताई," ते म्हणाले. "काय गाता, कुठं अडतंय, समदं सांगा. घाई करू नका. तो ऐकतोय."